घरचा स्विमिंग पूल सुरक्षित कसा करायचा: गोव्यात पूल बांधणाऱ्यांसाठी आणि पूलवालं घर घेणाऱ्यांसाठी

बार्देशात गेल्या काही वर्षांत जिथे बघाल तिथे पूलवाले व्हिला झालेत, आसगाव, शिवोली, हणजूण, साळगाव, आणि आता पेडण्याकडेही तेच सुरू झालंय. आम्ही घराच्या मागच्या आवारात पूल बांधून घेतला तेव्हा घरात दोन लहान मुलं होती. बांधताना एक बघितलं, टाईल कुठली घ्यायची आणि लाईट निळी की पांढरी यावर सगळे तासन्‌तास बोलतात, पण कुंपण, ड्रेन, अर्थिंगचा विषय काढला की "होईल हो साहेब, नंतर बघू" एवढंच उत्तर. म्हणून जे शोधून, विचारून, भांडून करून घेतलं ते सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा. लहान मूल बुडतं ते बहुतेक वेळा पोहायच्या वेळेत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने घरच्या पूलमधल्या अशा घटना तपासल्या तेव्हा जवळपास निम्मी मुलं शेवटची घरात दिसली होती, बहुतेकांना नजरेआड होऊन पाच मिनिटांच्या वर झाली नव्हती, आणि बहुतेक वेळा लक्ष ठेवायला आई-बाबांपैकी कोणीतरी होतंच. आवाजही होत नाही, सिनेमात दाखवतात तसे हात हलवून कोणी ओरडत नाही. म्हणजे आपल्याला बंदोबस्त करायचाय तो दुपारी सगळे जेवून आडवे झालेले असताना, पूलकडे कोणाचंच लक्ष नसतानाचा. खालचे सगळे स्टेप या एका गोष्टीभोवती आहेत.

१. आधी कागद, पण कागदावर थांबू नका

हे पटकन सांगतो कारण यावर एजंट लोक तुम्हाला भरपूर सांगतीलच. पूल म्हणजे बांधकाम, नुसता खड्डा नाही. त्यामुळे नकाशात तो दाखवून टीसीपी (नगर नियोजन खातं) किंवा तुमचा भाग पीडीएत (नियोजन आणि विकास प्राधिकरणात) येत असेल तर पीडीएची परवानगी, आणि मग पंचायतीचं किंवा पालिकेचं बांधकाम लायसन्स. साधारण हे कागद जमवून ठेवा:

- जमिनीचा एक-चौदाचा उतारा (शहरात असाल तर फॉर्म डी) आणि सर्व्हे प्लॅन
- विक्रीखत किंवा मालकीचा जो कागद असेल तो
- झोनिंगचा दाखला, आणि जमीन रूपांतरित असेल तर सनद
- घराचा आधीचा मंजूर नकाशा आणि त्यात पूल, पंप रूम दाखवलेला नवीन नकाशा
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट
- घरपट्टीची पावती
- आरोग्य केंद्राची एनओसी मागितली तर ती

प्रत्येक ऑफिस या यादीत एखाद-दोन कागद वाढवतंच, तेव्हा सगळ्याच्या चार-पाच झेरॉक्स मारून ठेवा.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेला पट्टा. समुद्रापासून भरतीरेषेच्या ५०० मीटरच्या आत असाल तर किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाचा विषय येतो, आणि फक्त समुद्रच नाही, भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं त्या नदी-खाडीच्या काठालाही सीआरझेड लागतो, तेव्हा "आमचं घर बीचपासून लांब आहे" म्हणून निवांत राहू नका, शापोरा नदीच्या काठाला असाल तर विचारून घ्या. दुसरं म्हणजे उतारावरची जागा. डोंगर कापायला किंवा सखल जागेत भराव घालायला टीसीपी कायद्याच्या कलम १७ए खाली वेगळी परवानगी लागते, आणि व्ह्यू मिळावा म्हणून उतारावर इन्फिनिटी पूल काढणारे नेमके इथेच सापडतात.

तयार घर घेत असाल तर मंजूर नकाशात पूल आहे का हे आधी बघा. बऱ्याचदा नकाशात बाग असते आणि जागेवर पूल असतो.

आणि आता मुख्य मुद्दा. हे सगळे कागद जागा, नकाशा, अंतर याबद्दल बोलतात. आमच्याकडे गेटचा लॅच लागतो का हे तपासायला कोणीही आलं नाही, आणि तुमच्याकडे येईल अशी आशा ठेवू नका. ते काम आपलंच. बाहेरच्या देशांत मात्र यावर कडक नियम आहेत आणि त्यांचीच मापं घेऊन काम करून घेणं सोपं पडतं. फ्रान्सने २००३ मध्ये कायदाच केला की घरच्या पूलला कुंपण, अलार्म, सेफ्टी कव्हर किंवा बंदिस्त छत यातलं एक तरी हवंच. ऑस्ट्रेलियात तर कुंपणाचं माप टेप लावून मोजतात.

२. कुंपण: घर आणि पूल यांच्या मध्ये

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. "आमचं कंपाउंड आहे की चांगलं सहा फुटी" असं जो तो म्हणतो. अहो पण ते कंपाउंड रस्त्यावरच्या माणसाला अडवतं, तुमचं मूल तर कंपाउंडच्या आत आहे! कुंपण पाहिजे ते घराचं दार आणि पाणी यांच्या मध्ये, पूलच्या चारही बाजूंनी.

मापं अशी धरा:

- उंची कमीत कमी १.२ मीटर, म्हणजे चार फूट. जास्त केलीत तर उत्तमच. उंची मोजायची ती बाहेरच्या बाजूने, जिथे मूल उभं राहणार तिथून.
- उभ्या गजांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कुंपणाच्या खालीही तेवढीच. फॅब्रिकेटर सवयीने पाच-सहा इंचाची फट ठेवतो कारण गज कमी लागतात, ऑर्डर देतानाच कागदावर लिहून द्या.
- आडव्या पट्ट्यांचं डिझाईन घेऊ नका. दिसायला मॉडर्न दिसतं पण मुलाला ती शिडीच झाली. आडवे सपोर्ट लागणारच असतील तर ते पूलच्या बाजूला घ्या.
- कुंपणाच्या बाहेरून ९० सेंटीमीटरपर्यंत पाय ठेवायला काहीही नको. कुंडी नको, एसीचं आऊटडोअर युनिट नको, बाकडं नको, पंपाची पेटी नको.

आता आपल्याकडची खास गोष्ट. बागेत चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत काढतात, प्लास्टर न करता, चिऱ्याचा लाल रंग दिसावा म्हणून. छान दिसते, पण सांध्यांमध्ये खाचा राहतात आणि पाच वर्षांचं पोर त्यात बोटं घालून सरळ वर चढतं. पूलच्या एका बाजूला अशी भिंत असेल तर निदान बाहेरची बाजू तरी सपाट प्लास्टर करून घ्या. तसाच माड किंवा पेरूचं झाड कुंपणाला टेकून असेल तर फांदी कापा नाहीतर कुंपण सरकवा.

काचेचं कुंपण घ्यायचं तर टफन्ड ग्लास, आणि खालच्या क्लॅम्पवर लक्ष द्या. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडचं स्टील एक-दोन पावसात डाग धरायला लागतं, ३१६ मागा आणि बिलावर लिहून घ्या. जाळीचं काढता-घालता येणारं कुंपणही मिळतं, ते वाईट नाही, पण जे काढता येतं ते पार्टीच्या दिवशी काढलं जातं आणि मग आठवडाभर पंप रूममध्ये गुंडाळलेलं राहतं. माझं मत विचाराल तर पक्कं घ्या.

३. गेट आणि लॅच, इथे पैसे वाचवू नका

कुंपण किती का भारी असेना, गेट उघडं राहिलं की संपलं. गेटला तीन गोष्टी हव्यात.

पहिली, ते पूलच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेर उघडणारं असावं. का, तर मूल गेटवर रेललं किंवा ढकललं तर गेट बंद व्हायला मदत होते.

दुसरी, ते आपोआप बंद झालं पाहिजे आणि आपोआप लॅच लागला पाहिजे. याची टेस्ट अशी करा: गेट पूर्ण उघडा आणि सोडा. मग अर्धं उघडा आणि सोडा. मग लॅचवर नुसतं टेकवून ठेवा आणि सोडा. तिन्ही वेळा खट्‌ आवाज येऊन लागलं तरच पास. बहुतेक गेट तिसऱ्या टेस्टला नापास होतात, स्प्रिंगला जोर नसतो. कंत्राटदाराचं शेवटचं पेमेंट या टेस्टनंतरच करा.

तिसरी, लॅच उंचावर हवा. अमेरिकेत ५४ इंच सांगतात, म्हणजे जवळपास १.३७ मीटर, ऑस्ट्रेलियात १.५ मीटर. चार फुटाच्या गेटला एवढा उंच लॅच बसवायला वर एक पाईप काढून देणारे मॅग्नेटिक लॅच मिळतात, ओढून उघडायचे, ते बेस्ट.

लाकडी गेट घेऊ नका असं मी सांगेन. जूनमध्ये लाकूड फुगतं, गेट चौकटीला घासतं आणि लॅचपर्यंत पोचतच नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत आकसून लॅच सुटतो. गणेश चवथीला घर भरलेलं असतं, सगळी चुलत-मावस भावंडं अंगणात, नेमकं तेव्हाच गेट फुगलेलं. तेव्हा चवथीच्या आधी गेट तपासायचंच, माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळांची चौकट) बांधायच्या यादीतच टाकून ठेवा.

आणि गेटला चिरा लावून उघडं ठेवणं. माळी खत आणतो म्हणून, पाडेली नारळ काढून नेतोय म्हणून, पूलवाला पाईप ओढतोय म्हणून. या प्रत्येकाला तोंडावर सांगा की गेट उघडं ठेवायचं तर एक माणूस तिथे उभा पाहिजे. थोडं वाईट वाटेल त्यांना, वाटू दे.

४. घराचं दारच पूलवर उघडत असेल तर

खूप व्हिलांमध्ये हॉलचे सरकते काचेचे दरवाजे थेट पूलच्या कडेला उघडतात, मध्ये कुंपणाला जागाच नसते. अशा वेळी घराची भिंत हेच चौथं कुंपण होतं, आणि मग त्या भिंतीतलं प्रत्येक दार आणि खिडकी गेटइतकीच गंभीरपणे घ्यावी लागते.

सरकत्या दाराला वरच्या बाजूला, मुलाच्या हाताबाहेर कडी लावा. त्यावर दार-अलार्म लावा, दार उघडल्यावर काही सेकंदात जोरात वाजणारा आणि सगळ्या घरात ऐकू येणारा, एसी चालू असलेल्या बेडरूममध्येसुद्धा. बॅटरीवाले स्वस्त मिळतात पण त्याची बॅटरी कधी संपली कळत नाही, महिन्याच्या एक तारखेला वाजवून बघायची सवय लावा. कुत्र्या-मांजरासाठी दाराला खाली झडप ठेवली असेल तर ती बंद करा, रांगणारं मूल त्यातून जातं.

कव्हरबद्दल एक मोठा सापळा आहे. ते निळं बुडबुड्यांचं प्लॅस्टिक कव्हर असतं ना, ते पाणी गरम राहावं आणि कचरा पडू नये म्हणून असतं, सुरक्षेसाठी नाही. मूल त्यावर पाय ठेवतं, ते खाली दबतं, मूल आत जातं आणि वरून प्लॅस्टिक परत सपाट. बघणाऱ्याला काही दिसतही नाही. खरं सेफ्टी कव्हर दोन मोठी माणसं आणि एक मूल यांचं वजन पेलतं, कडेला घट्ट बसतं आणि त्यावर पाणी साचून राहत नाही. महाग आहे. नसेल परवडत तर साधं कव्हर घालून खोटा दिलासा घेऊ नका.

५. ड्रेन: डोळ्यांना न दिसणारा धोका

पूलच्या तळाला जी जाळी दिसते तो मेन ड्रेन. पंप तिथून पाणी ओढतो. ड्रेन एकच असेल आणि त्यावर कोणाची पाठ, पोट किंवा केस बसले तर पंपाची सगळी ओढ तिथे लागते आणि मोठा माणूसही सुटत नाही. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशीच हॉट टबच्या ड्रेनला अडकून गेली, आणि त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे ड्रेनबद्दल कायदा झाला.

करून घ्यायचं ते असं:

- एकाच पंपाला निदान दोन ड्रेन, एकमेकांपासून तीन फुटांपेक्षा जास्त लांब, एकाच लाईनला जोडलेले. एक झाकला गेला तर पाणी दुसऱ्यातून येतं.
- जाळी सपाट नको, घुमटासारखी फुगीर आणि अडकू नये म्हणून बनवलेली हवी. कंत्राटदाराला डब्यावरचा स्टिकर दाखवायला सांगा.
- जाळीचे सगळे स्क्रू जागेवर हवेत. जाळी फुटली, हलली, निघाली तर पंप बंद, पूल बंद, नवीन बसेपर्यंत कोणी आत नाही. "फक्त कडेला बसतो" हेही नाही.
- भिंतीत व्हॅक्यूमचा पाईप लावायला एक भोक असतं, त्याला स्प्रिंगचं झाकण असतं. तेही ओढतं. झाकण तुटलेलं असेल तर बदला.
- पंपाचा बंद करायचा स्विच पूलजवळून धावत जाऊन दाबता येईल अशा जागी, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पंप रूमला कुलूप आणि चावी मालकाच्या गाडीत, असं असेल तर त्या स्विचचा काय उपयोग!

कोणी अडकलंच तर आधी पंप बंद करायचा, मग ओढायचं. घरातल्या सगळ्यांना, कामवाल्या बाईंनासुद्धा, हा स्विच एकदा हाताने दाबायला लावा. जुनं घर घेतलंत आणि एकच ड्रेन निघाला तर पूलवाल्याशी बोलून मेन ड्रेनची लाईन बंद करून फक्त स्किमरवर (पाण्याच्या पातळीला भिंतीत असलेलं, वरचा कचरा ओढणारं तोंड) चालवता येतं का ते बघा. ओव्हरफ्लो पूलमध्ये, म्हणजे पाणी काठावरून कडेच्या गटारात सांडतं त्या पूलमध्ये, ड्रेनचं पाणी आधी बॅलन्सिंग टँकमध्ये आपोआप उतरून मग पंपाकडे जात असेल तर थेट ओढ लागत नाही, तुमच्याकडे कसं आहे ते पाईप दाखवून विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

६. वीज

पाण्यातले लाईट १२ व्होल्टचेच हवेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पूलपासून लांब, कोरड्या जागी. २३० व्होल्टचा लाईट पाण्यात असेल तर तो बदलेपर्यंत रात्री काय, दिवसाही तो सर्किट चालू ठेवू नका. पूलच्या सगळ्या सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) हवी, आणि त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, ट्रिप झाली पाहिजे. स्टीलची शिडी, हँडरेल, पंपाची बॉडी, तळाच्या सळ्या हे सगळं एकमेकांना जोडून अर्थ केलेलं असतं, त्याला बॉन्डिंग म्हणतात. काँक्रीट पडायच्या आधीच ते करायचं असतं, तेव्हा लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला त्या दिवशी साईटवर बोलवा आणि फोटो काढून ठेवा.

पूलच्या काठापासून दोन मीटरच्या आत सॉकेट नको, एक्सटेन्शन बोर्ड नको, चार्जिंगला लावलेला स्पीकर नको. दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळचं नक्षत्र पाण्यावर वायर ताणून लावतात, फोटो मस्त येतो, तरी लावू नका.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, पूल साफ करायचा तो लांब दांडा ॲल्युमिनियमचा असतो आणि उघडला की चार-पाच मीटर होतो. आवारातून विजेची वायर जात असेल तर हा दांडा उभा धरून चालू नका. पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर आत उडी मारून कोणाला काढायला जाऊ नका, आधी मेन स्विच.

७. खोली, कडा, फरशी

घरच्या पूलला चार-साडेचार फूट खोली भरपूर झाली. त्यात सूर मारायचा नाही, म्हणजे नाहीच. मान मोडून जन्मभराचं अंथरूण धरायला एक सूर पुरतो, आणि तो बहुतेक दोन बिअरनंतर मारलेला असतो. खोलीचे आकडे काठावर दोन्ही बाजूंना टाईलमध्येच बसवून घ्या, स्टिकर उन्हात निघून जातात. उथळ भागातून खोल भागाकडे उतार असेल तर जिथे उतार सुरू होतो तिथे वेगळ्या रंगाची टाईलची पट्टी घ्या. तळ फिक्या रंगाचा घ्या, काळी टाईल फॅशनमध्ये आहे पण संध्याकाळी त्यात तळाला कोणी आहे की नाही हे दिसत नाही. कडेची फरशी खरखरीत हवी, शेवाळ धरणारी नको. बाकी जास्त सांगत नाही.

८. पाणी आणि केमिकल

पाणी सुरक्षित आहे का याची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे काठावर उभं राहून मेन ड्रेनची जाळी स्वच्छ दिसते का. नाही दिसली तर कोणी उतरायचं नाही, कारण त्या पाण्यात बुडालेला माणूसही दिसणार नाही.

टेस्ट किटने पीएच ७.२ ते ७.८ आणि फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला इतके मिलिग्रॅम) ठेवा. हिशोब सांगतो म्हणजे पूलवाला किती टाकतोय हे कळेल. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १.३ मीटर खोल असा पूल म्हणजे जवळपास ४१,६०० लिटर पाणी. त्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला निव्वळ क्लोरीन ४२ ग्रॅम लागतं, ६५ टक्क्यांची पावडर असेल तर साधारण ६५ ग्रॅम. तेव्हा कोणी मगभरून ओतत असेल तर थांबवून विचारा. "क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ" हेही उलटं आहे, डोळे चुरचुरणारा तो वास वापरलेल्या क्लोरीनचा असतो.

बोअरवेलचं पाणी भरणार असाल तर आपल्या तांबड्या मातीत त्यात लोह असायची शक्यता बरीच, क्लोरीन टाकलं की पाणी चहाच्या रंगाचं होतं. घाबरू नका, पण आधी पाणी तपासून घ्या.

केमिकल ठेवताना मात्र खरंच घाबरा. ॲसिड आणि क्लोरीन एका फळीवर नको, एकत्र आले की विषारी वायू होतो. क्लोरीनचे दोन वेगळे प्रकार, गोळ्या आणि पावडर, एका डब्यात मिसळू नका, आग लागू शकते. एकच मग दोन्हीला वापरू नका. ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पंप रूमला खिडकी हवी आणि कुलूप हवं, आणि ॲसिड बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवू नका.

९. पावसाळा

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये व्हिला बंद करून मुंबई-पुण्याला जाणारे लोक पूल रिकामा करून जातात. करू नका. जमिनीतलं पाणी वर आलं की खालून दाब येतो आणि रिकामा पूल वर उचलला जातो, तडे जातात. भरलेलाच ठेवा.

पण भरलेला आणि पंप बंद म्हणजे डासांची शाळा. डेंग्यूचा डास अंड्यातून आठवडा-दहा दिवसांत उडायला लागतो. फक्त पूल नाही, बॅलन्सिंग टँक आणि कडेचं ओव्हरफ्लोचं गटारही बघायचं. आरोग्य खात्याचे लोक घरोघर तपासायला येतात, सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली नोटीस मिळू शकते, आणि शेजारी बोलतील ते वेगळंच. म्हणजे मागे कोणीतरी माणूस लागतोच, रोज पंप चालवायला.

स्किमरच्या टोपलीत हात घालण्याआधी काठीने हलवा, बेडूक असतो, कधी पिवळी धम्मक धामण असते. गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं, पाणी शेजाऱ्याच्या परसात किंवा विहिरीकडे सोडू नका, त्यात क्लोरीन असतं, मिरच्या करपल्या की पंचायतीत तक्रार ठरलेली.

१०. वाचवायचं सामान आणि वाचवता येणारा माणूस

कुंपणाच्या आत, हाताला लागेल असं टांगून ठेवायचं:

- दोरी बांधलेली रिंग
- लांब दांडा, शक्यतो फायबरचा, टोकाला आकडा असलेला
- फर्स्ट एडचा डबा
- सीपीआरचा (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचा) मराठी-कोंकणी तक्ता, पावसात न भिजणारा
- एक बोर्ड: १०८ आणि ११२, आणि घराचा पूर्ण पत्ता

तो पत्ता नीट लिहा. आपल्याकडे घर नंबर सलग नसतात, वाड्यात शिरल्यावर ॲम्ब्युलन्सवाला गोल फिरत राहतो. "अमुक वाडा, कपेलाच्या मागची डावीकडची वाट, निळं गेट" असं लिहा, म्हणजे पाहुणासुद्धा घाबरलेल्या अवस्थेत वाचून सांगू शकेल. मोबाईलची रेंज पूलजवळ येते का तेही बघा, खोलगट जागेत नसते.

आता सीपीआर. घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्या, व्हिडिओ बघून नाही, पुतळ्यावर हाताने दाबून. बुडालेल्या माणसाला आधी श्वास लागतो, तेव्हा श्वास थांबलेला असेल तर तोंडाने श्वास देऊन सुरुवात, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटीमीटर तरी दबली पाहिजे. पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून हलवणं, हे जुने प्रकार करू नका, त्यात वेळ जातो आणि मेंदूला चार-सहा मिनिटांच्या वर ऑक्सिजनशिवाय निभत नाही. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी हॉस्पिटलात न्यायचंच, म्हापसा असो, मडगाव असो की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). फुप्फुसात गेलेलं पाणी नंतर त्रास देतं.

मूल दिसत नाही असं झालं की पहिली नजर पूलमध्ये. कपाटं, गच्ची, शेजार हे सगळं नंतर.

मुलं पाण्यात असताना एक मोठा माणूस नावाने ठरवा, "आता अर्धा तास तू". सगळेच बघतायत म्हणजे कोणीच बघत नाही. त्याच्या हातात फोन नको, ग्लास नको, आणि पोहता न येणारं मूल असेल तर तो हाताच्या अंतरावर पाण्यातच हवा. दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका. पोहून झालं की रंगीत बॉल, बदकं सगळी बाहेर काढा, मूल परत जातं ते त्यांच्यासाठीच.

११. भाड्याने देणार असाल तर

पाहुण्यांना घर द्यायचं तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते, ती करून घ्या, आणि विमा काढताना पूल आहे हे फॉर्मवर लिहा, लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

पाहुणा तुमच्या घराला नवखा असतो. त्याला कळत नाही दार कुठे उघडतं, पाणी कुठे खोल आहे. सहा तास गाडी चालवून आलेले लोक सामान काढत असतात आणि मुलं तोपर्यंत मागे पोचलेली असतात. तेव्हा चावी देताना केअरटेकरने सगळ्यात आधी पूल दाखवायचा, वायफायचा पासवर्ड नंतर. गेट कसं लागतं, पंपाचा स्विच कुठे, रिंग कुठे, रात्री किती वाजता पूल बंद. काचेचे ग्लास आत नाहीत, प्यायल्यावर पाण्यात नाही. शेवटचं कोणी ऐकत नाही हे मलाही माहीत आहे, म्हणून ठरलेल्या वेळेनंतर गेटला कुलूप घालायची जबाबदारी केअरटेकरवर टाका आणि त्याला तसं लेखी द्या, म्हणजे पाहुणा आवाज चढवायला लागला की त्याला "मालकाचा नियम" म्हणून कागद दाखवता येतो.

पाहुणे गेले की साफसफाईच्या आधी एक फेरी मारायची. खुर्च्या कुंपणाला टेकवून ठेवलेल्या असतात त्या लांब करायच्या, गेट तीन प्रकारे सोडून बघायचं, ड्रेनची जाळी आणि तिचे स्क्रू बघायचे, तळाला काच नाही ना ते बघायचं, अलार्म वाजवायचा. पुढचे पाहुणे दुपारी दोनला येणार असले तरी ही फेरी चुकवू नका.